कोरी ओळ

"आई, यंदाही नाही जमणार. तू सरळ हीटर घे बघू," डब्लिनहून कॉर्मकनं फोनवर सांगून टाकलं. दलदलीतून कापलेल्या जळणाच्या मातीच्या विटा उन्हात रचायच्या राहिल्या होत्या. त्याची आई गॉबनेट, माझी शेजारीण, सत्तरीची, पण हार मानेल तर शपथ. तिनं इंटरनेटवर जाहिरातच टाकली : 'अस्सल आयरिश सुट्टी! दिवसभर माळावर विटा रचा, संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात फिडलच्या सुरांवर नाचा.'

"चिखलात कंबर मोडून घ्यायला कोण येतंय, बाई?" मी पोट धरून हसलो.

अकरा जर्मन आले. वहीत त्यांची नावं लिहिताना तिनं पहिली ओळ कोरी सोडली.

तिसऱ्या दिवशी कॉर्मकचा फोन आला. जर्मनांनी इंटरनेटवर टाकलेले फोटो त्यानं पाहिले होते. "आई, आपल्या विटा परक्यांनी रचायच्या?"

"मग काय करू? तुला सवड नाही. त्यांनी तर पुढच्या वर्षासाठीही नावं नोंदवलीयत."

तो घाईनं म्हणाला, "शनिवारी पोरांना घेऊन येतो. थोड्या आमच्यासाठी ठेव."

फोन ठेवून तिनं त्या कोऱ्या ओळीवर कॉर्मकचं नाव लिहिलं आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"हं, आता हस."