इंदुबाईंचा गुरुवार

"म्हणजे हे मारलं की गवत येणारच नाय?" इंदुबाईंनी विचारलं.

शिवरामभाऊ पायरीवर बसून भिंगातून बाटलीवरची चिठ्ठी वाचत होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, तरी ओळ सोडत नव्हते. "उगवायच्या आधीच मरतं. म्हणून तर पाऊस जोर धरायच्या आत मारायचं."

"आणि तुमचा आंबा?"

"त्याला काही होत नाही. ज्याने मुळं धरली, त्याला हे औषध हात लावत नाही. आंबा, पेरू, मोगरा, लावलेलं रोप, सगळं खुशाल राहतं. फक्त बी रुजू देत नाही."

"असं," इंदुबाई म्हणाल्या आणि हातातलं खुरपं पदराला पुसत उभ्या राहिल्या.

बदलापूर गावातल्या या अंगणात त्या पाच पावसाळे खुरपायला येत होत्या, दर गुरुवारी. मजुरी पहिल्या वर्षीच नाकारली होती. जाताना ओटीत टाकळ्याची भाजी घेतली की झालं. त्यांचं भातशेत इमारतीखाली गेलं, त्याला नऊ वर्षं झाली. आता त्या मुलाकडे चौथ्या माळ्यावर राहत. "तिथं पायाला माती लागत नाय, भाऊ," असं त्या दर गुरुवारी एकदा तरी म्हणत. मग भातलावणीचे दिवस निघत. बांधावर सासू बसलेली असे आणि तीन-तीन काड्यांच्या चुडांची ओळ बोटभर जरी वाकडी गेली तरी वरून ढेकूळ येई.

भाऊ शेजारी गोणपाट टाकून बसत आणि लुडबुड करत. बायको, द्रौपदी, गेल्यापासून त्या घरात एवढं बोलणं गुरुवारीच होई.

पण मागच्या वर्षी गवतात साप निघाला आणि उल्हासनगरहून लेकीने, किर्तीने, फर्मान काढलं, "बाबा, त्या अंगणात एक तर गवत राहील नाहीतर तुम्ही. गवत राहिलं तर तुम्ही सरळ इकडे कॅम्प एकला, माझ्याकडे." औषधाची बाटली तिनेच पाठवली. लेकीपुढे कुणाचं चाललंय!

भाऊंनी शहाडच्या कारखान्यात तीस वर्षं रसायनांशी संसार केला होता. बाटलीवरचं अक्षरन् अक्षर त्यांनी पाळलं. वारा पडलेली सकाळ निवडली, हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं. औषध मापाने घेतलं, अंदाजाने नाही. विहिरीच्या कडेने चार हात जागा मोकळी सोडली. मोगऱ्याच्या पानांवर थेंब उडू दिला नाही. भेंडीचं बी तर त्यांनी आधीच कुंड्यांत पेरून ओट्यावर नेऊन ठेवलं होतं, जमिनीत ते रुजलंच नसतं. शेवटी झारीने हलकं पाणी शिंपडलं, औषध मातीत उतरण्यापुरतं.

काम चोख झालं. पाऊस लागला, सगळ्या गावात हिरवं माजलं आणि भाऊंचं अंगण मात्र नुकतंच मुंडण केलेल्या डोक्यासारखं राहिलं.

पहिल्या गुरुवारी इंदुबाई फाटकाशी थांबल्या. "काय काम नाय ना, भाऊ?"

"नाही हो."

"बरं झालं. तुमची कंबर वाचली." आणि त्या गेल्या.

"या, चहा घ्या," एवढंच म्हणायचं होतं. पण एकट्या म्हाताऱ्याच्या घरी बाईमाणसाने कामाशिवाय कसं यावं? आणि त्याने तरी कसं बोलवावं? गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? खुरपं हातात होतं तोवर कुणाची बोलायची टाप नव्हती.

दुसऱ्या गुरुवारी भाऊ अंगणभर वाकून वाकून हिंडले. कुठे केन्याचं एखादं पान तरी दिसावं! एकही नव्हतं. आपल्याच नेटकेपणाचा त्यांना संताप आला. संध्याकाळी त्यांनी खुंटीवरचं रिकामं गोणपाट उगाचच झटकलं आणि पुन्हा टांगलं.

जुलैत किर्ती त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घेऊन गेली. बारा दिवस मुक्काम. निघताना त्यांनी फाटकाची दुसरी किल्ली इंदुबाईंकडे दिली.

"ओट्यावरच्या भेंडीला तेवढं पाणी घाला."

"घालीन की. किती दिवस म्हणालात?"

"बारा."

"बारा," त्यांनी मनाशी घोकलं.

परतले ते बुधवारी, दिवेलागणीला, डोळ्यावर काळा चष्मा लावून. फाटक उघडलं आणि पायाला ओलं, लुसलुशीत काहीतरी लागलं. अंगणभर केना होता. टाकळाही होता.

किर्ती भडकली. तिथूनच तिने दुकानदाराला फोन लावला. "फसवता काय लोकांना?"

"ताई, शक्यच नाही. वेळेवर मारलं असेल तर बी रुजतच नाही," पलीकडचा शपथेवर सांगत होता.

"मी दुसरी बाटली पाठवते, बाबा."

"बघू," भाऊ म्हणाले. कित्येक आठवड्यांनी त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

सकाळी फाटक वाजलं. न बोलावता इंदुबाई हजर, हातात खुरपं.

"अगंबाई! केवढं माजलंय! या औषधांचं काय खरं नसतं, भाऊ."

"खरं नसतं," भाऊ म्हणाले. "बसा, चहा टाकतो."

चहा झाला. डॉक्टरांनी मातीत बसायला मनाई केली होती, म्हणून भाऊ पायरीवरच टेकले. इंदुबाई आंब्याखाली बसून खुरपू लागल्या आणि सुनेचं गाऱ्हाणं सुरू झालं. भाऊंनी काळा चष्मा काढला. नव्या डोळ्याला जग धुतल्यासारखं लख्ख दिसत होतं.

आंब्यापासून विहिरीपर्यंत केना ओळीत उभा होता. दोन चुडांमध्ये चार बोटांचं अंतर, प्रत्येक चुडात मोजून तीन काड्या, आणि एकही ओळ सुताभरसुद्धा वाकडी नव्हती.

भाऊंनी हळूच चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"इंदुबाई, पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," ते म्हणाले. "किल्ली तुमच्याकडेच राहू द्या."