निळं झबलं

भूकंपानंतर उदगीरच्या हाजराबीनं शिलाई मशीन बेघरांच्या पत्र्याच्या शेडपाशी आणून मांडलं. जुन्या सुती लुगड्यांची मऊ झबली शिवणं हा तिचा घरचा धंदा; नवरा खाजामियाँ कापायचा, ती शिवायची. एका दुपारी शेडमधली गुरम्मा आपल्या गेलेल्या लेकीची तान्ही पोर घेऊन आली. मदतीतल्या नायलॉनच्या फ्रॉकनं पोरीचं अंग लालबुंद झालं होतं. गुरम्मानं ढिगाऱ्यातून निघालेलं लेकीचं निळं लुगडं पुढं केलं. खाजामियाँची कात्री थबकली. “मावशी, एवढीच आठवण उरली, दुसरं कापड देते,” हाजराबी म्हणाली. “पेटीत ठेवून काय करू? कापा.” संध्याकाळी निळं झबलं घालताच पोर झोपली. उरलेलं लुगडं दोरीवर तळ्याच्या पाण्यासारखं हलत होतं. झोपेतच पोर खुदकन हसली. “सटवाई हसवतीया,” हाजराबी म्हणाली. “हळू बोल,” गुरम्मा कुजबुजली, “तिची माय आलीया.” हाजराबीनं मशीन थांबवलं.