एक्केचाळिसाव्या भागातलं दार

"म्हैस दारावर टकटक करते, हे पटलं नाही," काकासाहेबांनी मोबाईल नाकाजवळ धरून मोठ्यानं वाचलं. "नेवाशाचे कुणी सर हायत. पुढं लिहिलंय, बाकी भाग उत्तम."

"मामा, रेकॉर्डिंग चालू हाय," गोधडीच्या आतून सुनेचा आवाज आला.

"चालू दे की. मी लोकांची मतं वाचतोय."

सून पंकजा बाजेवर दोन गोधड्या डोक्यावरून घेऊन माइकपुढं बसली होती. शनिशिंगणापुरातल्या ह्या खोलीत बसून ती 'बिनकडीचं घर' नावाचं कार्टून एकटीच तयार करायची. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि घरभर फिरणारी म्हैस. बायकांचे आवाज तिचे, आजोबांचा काकासाहेबांचा. म्हशीचा आवाज म्हशीचाच होता.

कालच्या भागात कार्टूनमधल्या घराला दार बसलं होतं. खऱ्या घराला गावच्या रीतीप्रमाणे नुसती चौकट होती. पंकजानं करून आणलेलं दार आठ दिवस बाहेर लिंबाला टेकून उभं होतं आणि त्याच्या वरच्या कडेवर कोंबडी बसत होती. "आधी कार्टूनात लाव," काकासाहेब म्हणाले होते. "लोक हो म्हणले तर घराला लावू." आज निकाल होता.

"अकोल्याची बाई म्हणती, दार पाहिजेच, न्हाईतर पावसाळ्यात घरात भात उगवंल," काकासाहेबांनी वाचलं. "हे अकोल्याचं झालं. आपल्याकडं पाऊस कुठंय? पुढचं. आजोबांचा आवाज अजून खणखणीत हवा." ते थांबले. "पंकजा, ह्या माणसाला ब्लॉक कसं करायचं?"

गोधडीतून उत्तर यायच्या आत छगन आला. देवळाच्या वाटेवर त्याचं तेलाचं दुकान होतं. तो तडक बाजेपाशी गेला आणि त्यानं गोधडीचं टोक उचललं.

"वहिनी, कालचा भाग बघितला. दार नकोच. आपल्यात कोन इचारून येतं का?"

"न्हाई येत," पंकजा म्हणाली. "हा सातवा टेक होता."

"तेच म्हनतोय मी," छगन समाधानानं म्हणाला. टोक होतं तसं खाली सोडून, माठातलं पाणी पिऊन तो निघून गेला.

"बघ," काकासाहेब म्हणाले. "आणि दार हवंय कशाला? राखणीला देव बसलाय."

"देव चोराला अडवतो, मामा. छगनभावजींना कोण अडवणार?"

काकासाहेबांनी ह्या मुद्द्यावर कुणाची कमेंट आहे का ते बघितलं. नव्हती.

चार वाजता लाईट जाणार होती. लॅपटॉपची बॅटरी मागच्या दिवाळीतच वारली होती. पुढच्या भागातलं पंकजाचं मोडलेलं वाक्य आणि आजोबांचं एक, एवढंच राहिलं होतं. आधी आजोबांचं घ्यावं म्हणून पंकजा बाहेर आली आणि काकासाहेब गोधडीत शिरले.

"सूनबाई, मी आत येऊ का!" ते गरजले.

"मामा, परवानगी मागायचीय. तुम्ही जप्ती आणल्यागत बोलताय."

"मी जन्मात कधी मागितली न्हाई."

"आजोबांनीबी न्हाई. म्हणून तर ते तासभर बंद दारापुढं बसलेत. शेवटी उठतात आणि इचारतात. पुन्हा घ्या."

पाच वेळा झालं. एकदा सातबारा मागितल्यासारखं, एकदा म्हशीला हाकल्यासारखं. चाराला सात मिनिटं कमी असताना गोधडीतून आवाज येईनासा झाला. पंकजानं कानांवरचा हेडफोन हातांनी दाबून धरला.

"सूनबाई," आतून हळूच आलं. काकासाहेबांचा इतका लहान आवाज त्या घरात आजवर कुणी ऐकला नव्हता. "मी आत येऊ…"

गोधडी उचलली गेली.

"काकासायब, हितं लपलाव व्हय!" शेजारच्या आक्काबाई वाकून बघत होत्या. "कालचं मला न्हाई आवडलं. म्हैस दारावर टकटक करती आनि थांबती. कुठली म्हैस थांबती वो?"

घामानं काकासाहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. गोधडी बाजूला करून ते उठले आणि म्हणाले, "आक्काबाई, जरा बाहेर चला." बाहेर काहीतरी दाखवायचं असेल म्हणून त्या लगबगीनं मागं गेल्या. पायरी उतरवून दिल्यावर काकासाहेब एकटेच माघारी फिरले आणि चौकटीत उभे राहिले. दोन्ही हात पसरून त्यांनी दोन्ही बाजू धरल्या. अंगानं ते भरलेले होते. खोलीत बराच अंधार झाला.

"मामा, तुमचं वाक्य?" पंकजानं विचारलं.

"हितनंच म्हणतो. आता जमंल. आधी तुझं राहिलेलं उरक."

पंकजा गोधडीत शिरली. आठवा टेक सुरू झाला.

"काकासायब, सरका की," आक्काबाई म्हणाल्या. "माझं मत अर्धंच सांगून झालंय."

काकासाहेब सरकले नाहीत. आक्काबाईंनी उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. लिंबाखालच्या दाराकडं बघितलं. कोंबडीनं त्यांच्याकडं बघितलं. मग त्यांनी पदर सावरला आणि दोन बोटांनी काकासाहेबांच्या छातीवर, खिशाच्या जरा वर, दोनदा टकटक केलं.

काकासाहेबांनी मान मागं वळवली. गोधडीतून पंकजाचा हात बाहेर आला होता, पंजा उघडा.

"थांबा म्हणतीय," दार म्हणालं.