मनगटावरचा नंबर

घराबाहेर पडायचं म्हटलं, की ती लेकीच्या मनगटावर बॉलपेनने आपला मोबाइल नंबर लिहायची. "पोरगी आहे की पार्सल?" नवरा चिडवायचा. आजही किल्ल्याच्या पायथ्याशी तिने नंबर लिहिला आणि दोनदा वाचून पाहिला.

वर पडझडीखेरीज फारसं काही उरलं नव्हतं. ढासळलेल्या बुरुजाआड लेक क्षणभर दिसेनाशी झाली, तेवढ्यानेही ती हाका मारत धावली. पण पोरगी लगेच दुसऱ्या बाजूने हसत बाहेर आली.

उतरल्यावर, खालच्या ओस पडलेल्या जुन्या गावात, एका घराच्या पायरीवर ती लेकीचे मातकट हात पुसायला बसली. मनगटावरचा नंबर तिचा नव्हता. अक्षर मात्र तिचंच होतं, सातच्या आकड्यावर आडवी रेघ मारायची खोडसुद्धा तिचीच.

"घाईत चुकली असशील," नवरा म्हणाला. "लावून बघ, उगाच जिवाला घोर नको."

तिने लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"सापडली का हो माझी मुलगी?" पलीकडच्या बाईला धाप लागली होती. "बुरुजाआड गेली ती गेलीच. तिच्या हातावर माझा नंबर आहे."

सुनसान गल्लीत ते शब्द तिघांनाही ऐकू आले. तिने लेकीचं मनगट घट्ट धरलं. लेकीने हळूच आपला हात सोडवून घेतला आणि फोनजवळ तोंड नेलं.

"आई, मी इथं आहे. या काकूंजवळ."