पावणेअकराचा डबा

पुन्हा पावणेअकरा, आणि पुन्हा प्रसेनजितच. सुचिताने नोंदींची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. अठरा दिवस झाले, एकही दिवस सुटला नव्हता. लिलाव सुरू व्हायच्या बरोबर पंधरा मिनिटं आधी हा बाबा तिच्या सर्व्हिसचा डबा पुसत होता.

कंटेनरला त्या ऑफिसात सगळे डबाच म्हणत. प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या डब्यात बसलेला, आणि साऱ्या डब्यांवर क्लस्टरची, म्हणजे ते चालवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याची नजर. एखादा डबा पुसला, म्हणजे डिलीट केला, की क्लस्टर दहा सेकंदांत तसाच नवा उभा करायचा. म्हणून तर कुणाला पत्ता लागला नव्हता. सुचिताचा डबा सगळ्यात महत्त्वाचा. चिखलीच्या लिलावातले सोयाबीन-हरभऱ्याचे भाव हजारो मोबाइलवर पोचवणारा एपीआय तिने एकटीने लिहिला होता, आणि त्याचा तिला अभिमान होता. थोडा जास्तच होता म्हणा.

हा असं का करतोय, हे तिला चांगलंच कळत होतं. मालक शेखर सरांनी सांगूनच टाकलं होतं, की शुक्रवारी व्यापारी संघाची माणसं पाहणीला येतील आणि त्यानंतर दोघांपैकी एकालाच ठेवता येईल. नोकरी गेली तर सुचिताला बॅग भरून आपल्या गावी सुलतानपूरला जावं लागणार होतं. चिखलीत असलं दुसरं काम होतंच कुठे? प्रसेनजित सोनाळ्याचा, क्लस्टरची देखभाल करणारा, तिच्याहून चार वर्षांनी लहान, बोलायला गोड. तीन आठवड्यांपूर्वी तो तिच्या टेबलाशी आला होता.

"ताई, तुमचा कोड जरा पाहू काय?"

"तू आपले डबे सांभाळ," तिने तिथल्या तिथे झटकून टाकलं होतं.

तेव्हापासून तो गप्प. गोड माणूस एकाएकी गप्प झाला, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. पोरगा रोज तालीम करतोय, तिला खात्रीच पटली. रोज दहा सेकंद सर्व्हिस बंद पाडून बघतो. शुक्रवारी पाहुण्यांदेखत कायमची पाडेल.

गुरुवारी तिने यादी छापली आणि शेखर सरांच्या पुढ्यात ठेवली. सरांनी प्रसेनजितला आत बोलावलं.

"तू रोज हिची सर्व्हिस बंद करून राह्यला काय बे?"

"हो, सर."

"काऊन?"

प्रसेनजितने सुचिताकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही. का हटवावी? चोर तो होता.

"सांगता येत नाही, सर."

"मंग उद्यापासून येऊ नको."

त्याचा पासवर्ड तिनेच, स्वतःच्या हाताने रद्द केला. तिला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर आनंदच झाला.

शुक्रवारी पावणेअकरा वाजले, तसे निघूनही गेले. कुणी कशाला हात लावला नाही. व्यापारी संघाची तिघं माणसं चहा घेत मोठ्या पडद्यासमोर बसली. अकराला लिलाव सुरू झाला आणि सात मिनिटांनी भाव जागच्या जागी थांबले. क्लस्टर म्हणत होता, सगळं ठीक आहे. डबा जिवंत होता, पण उत्तर एकही देत नव्हता. फोन वाजू लागले. शेखर सर पाहुण्यांकडे बघून उगाच हसले.

जाता जाता काहीतरी पेरून गेला मेला! सुचिता गॅलरीत धावली आणि तिने फोन लावला.

"काय करून गेला तू? खरं सांग, नाही तं पोलिसात देईन!"

"आधी डबा पुसा, ताई. नवा उभा राह्यला का चालू होईन."

तिने आत येऊन डबा पुसला. भाव पुन्हा धावू लागले. पाहुण्यांनी माना डोलावल्या. ती पुन्हा गॅलरीत आली. आता तर तिच्या संतापाला पुरावाच मिळाला होता.

"म्हणजे तूच केलं!"

"म्या काहीच नाही केलं. तुमचा कोड डेटाबेसची जोडणी उघडते, पण बंद करत नाही. मले इकडून दिसे. दिवसभरात साऱ्या जागा भरून जातात, मंग तो मुका होते. म्या रोज लिलावाच्या आधी रिकामा करत होतो. आज कोणीच नाही केला."

सुचिताचे कान तापले. अठरा दिवस तिने ज्याला तालीम म्हटलं होतं, ते तिच्याच चुकीवरचं झाकण होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याचा थोडा रागही आला.

"मंग काल सरांपुढं तोंड काऊन नाही उघडलं? तुही नोकरी गेली ना!"

फोनच्या पलीकडे कंडक्टरने घंटी मारली आणि एसटी हलल्याचा आवाज आला.

"मले तीन आठवड्यांखालीच पुण्यात नोकरी लागली, ताई. इथं राहायचं तं तुमालेच होतं."