अप्पांचा भाव

लवादाच्या निवाड्यात धाकट्या भावाला सगळं मिळालं होतं. बर्फाचा कारखाना, त्यातली यंत्रं, दोन टेम्पो आणि दारावरची पाटी. थोरल्याला एक जुनी मोटारसायकल आणि ‘यापुढे भांडू नका’ हा सल्ला. धाकट्याने गल्लीभर मिठाई वाटली.

ती पचायच्या आत कर खात्याची नोटीस आली. कारखान्याचा कर वर्षानुवर्षं थकला होता, पण खात्याला मालकच सापडत नव्हता. धाकट्याला विचारलं की तो थोरल्याकडे बोट दाखवी, थोरल्याला विचारलं की तो धाकट्याकडे. आता निवाड्यात मालकाचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं. खात्याने त्याचीच प्रत नोटिशीला जोडली होती.

म्हणजे निवाडा रद्द झाला की मालक पुन्हा हरवणार आणि वसुली लटकणार. आता दाद मागायची ती हरलेल्याने. पण थोरला हसून म्हणाला, “अरे, काहीच न मिळण्यासारखं सुख नाही! मी कशाला कोर्टाची पायरी चढू?”

म्हणून जिंकलेलाच वकिलासमोर बसला होता. शेजारी बायकोला बसवलं होतं.

“लवाद फितला होता, असं दाखवावं लागेल,” वकील म्हणाला.

“कोणाला फितला?” तिने विचारलं.

“तुम्हालाच, वहिनी. लाच तुम्ही दिलीत, यांच्या नकळत. घर जाईल म्हणून घाबरलात. यांना परवा कळलं, आणि यांचं मन यांना खाऊ लागलं.”

धाकट्याने मन खात असल्यासारखा चेहरा करून पाहिला. जमला नाही.

लवाद म्हणजे अप्पा. तिच्या सासऱ्यांचे जुने स्नेही. सुनावण्या चालू होत्या तेव्हा ते पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची घेऊन यायचे. तिने एकदा चहा पुढे केला तर म्हणाले, “निकाल होऊ दे पोरी, मग दोन कप पिईन.” आणि निकालानंतर खरोखर येऊन दोन कप प्यायले.

“अप्पांनी तर चहालाही हात लावला नव्हता,” ती म्हणाली.

“हे लिहायचं नाही,” वकील म्हणाला.

“अगं, अप्पांचं आता वय काय?” धाकटा समजावू लागला. “त्यांना काय मुली उजवायच्यात? आणि कारखान्याला सील लागलं तर वरच्या मजल्यावर आपण राहतो, विसरलीस? मग पोरांना घेऊन बस रस्त्यावर.”

ती गप्प बसली. गप्प म्हणजे होकार, असं धरून वकिलाने पेन उघडलं.

“किती दिले म्हणू? दोन लाख?”

“वेड लागलंय का? एवढे आणले कुठून म्हणून खातं विचारेल. वर त्याच्यावरही कर लावतील.”

“मग एक.”

“पन्नास करा.”

“पन्नास हजारांत कोर्टाला पटायचं नाही, साहेब. माणूस इभ्रतीचा आहे.”

“बरं, साठ. इभ्रतीचे दहा वर.”

दोघं हसले. अप्पा साठ हजारांत सुटले. भाजीवालीशीही माणूस याहून जास्त वेळ घासाघीस करतो.

समोर वकिलाने अर्धा खाल्लेला केकचा तुकडा होता, त्यावर माशी बसली होती. नवऱ्याने माशी हाकलली आणि तो तुकडा तोंडात टाकला.

“आणि माझे किती लावलेत?” तिने विचारलं.

“तुझे?” धाकट्याला खरंच कळलं नाही. “तुझे कसले? तू तर घरचीच.”

तिने सही केली. जिथे जिथे वकिलाचं बोट टेकलं, तिथे तिथे केली.

पुढे यथावकाश निवाडा रद्द झाला. मालक पुन्हा हरवला. कर कोणीच भरला नाही. वकिलाची निम्मी फी अजून येणे आहे. अप्पांना त्यानंतर कोणी भांडण सोडवायला बोलावलं नाही.

सह्या करून परतताना, त्या दिवशी घरापाशी रिक्षा थांबली, तेव्हा धाकट्याने सगळे खिसे चाचपले. सुटे नव्हते. ते पैसेही तिनेच दिले.