पंधरा फुटांची चुटकी

“पंधरा फूट!” अंकुरनं लॅपटॉप आपटायचाच काय तो बाकी ठेवला. “अंगात शक्ती आलेली पोरगी आहे ती. अन् हा माणूस म्हणते, तिले पंधरा फुटांपलीकडचं समजू नये!”

तृप्तीनं संत्र्याची फोड तोंडात टाकली. “पुढं वाच.”

सौंसरच्या या बहीणभावानं दोन वर्षं खपून भुताचा एक व्हिडिओ गेम बनवला होता. सरकी काढायचा बंद पडलेला जिनिंग कारखाना, त्यात एक भूत आणि आत अडकलेली गोदा. गोदा चुटकी वाजवायची आणि परत आलेल्या आवाजावरून तिला अंधारात भिंती, खांब, भूत, सगळं कळायचं. चित्रं अंकुरची, आवाज तृप्तीचे. मेनूपासून इशाऱ्यांपर्यंत सगळं तृप्ती स्वतःच बोलली होती, कारण फुकट बोलायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

पुण्याची एक कंपनी गेम घ्यायला राजी होती. अट एकच, त्यांच्या परीक्षकानं शनिवारपर्यंत होकार द्यायचा. गेममधली बोली इकडची, म्हणून तो तपासायला पांढुर्ण्याच्या विनायक सरांकडे गेला. सर नाही म्हणाले तर अंकुरनं सोमवारपासून मामाच्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये बसायचं, असं त्याचं बाबांशी ठरलं होतं. ट्रॅक्टर विकण्यात वाईट काही नाही. पण नुसत्या विचारानंच अंकुरला रडू यायचं.

आणि सरांनी एकोणीस चुका काढल्या होत्या. अंकुर आठव्या चुकीपाशी अडखळला. “कापसाच्या गंजीमागं उभं असलेलं भूत गोदाला चुटकीनं कळतं. कसं? कापूस आवाज गिळतो.”

सात पिढ्या कापसात गेलेलं घर त्यांचं. लहानपणी गंजीत तोंड खुपसून दोघांनी एकमेकांना हाका मारल्या होत्या आणि त्या कधी ऐकू आल्या नव्हत्या. तरी हे एकालाही सुचलं नव्हतं.

“काखेत कळसा अन् गावाला वळसा,” तृप्ती म्हणाली.

“ते जाऊ दे. आठ महिने भूत काढलं मी. जीभ, नखं, एकेक केस. त्याबद्दल एक अक्षर नाही!”

“आवडलं नसंल.”

हे अंकुरला जास्तच लागलं. त्यानं सरळ सरांना फोन लावला.

“सर, शक्ती अमानवी आहे ना तिची? मग खऱ्यासारखी कशाले पाहिजे?”

पलीकडचा आवाज शांत होता. “बाबू, तिले सगळंच समजलं तर ती घाबरंल कशाले? अन् तीच नाही घाबरली तर मी काहून घाबरू? पहिले करून पाहा, मग भांडा.”

तीन दिवस दोघं बदल करत बसले. चौथ्या दिवशी, भर दुपारी, स्वयंपाकघरात आई भजी तळत असताना अंकुर हेडफोन लावून खेळायला बसला. गोदानं चुटकी वाजवली, भिंत कळली. पुन्हा वाजवली, खांब कळला. तिसऱ्यांदा काहीच परत आलं नाही. समोर उघडं दार तरी होतं, नाहीतर कापूस. आणि कापसामागं कोण, हे गोदाला कळायला मार्ग नव्हता.

“ताई!” अंकुर ओरडला आणि त्यानं हेडफोन काढून फेकले. दोन वर्षांत स्वतःच्या गेमला तो पहिल्यांदा घाबरला होता. मग तो हसतच सुटला. इतका आनंद त्याला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

तरी पंधरा फुटांचं कुसळ सलत राहिलं. तीस फूट तरी करू द्या, म्हणून त्यानं दोनदा फोन केला. सर हलले नाहीत. शनिवार उजाडला, होकार आला नव्हता. समोरासमोर बोलू म्हणून दोघांनी पांढुर्ण्याची बस धरली.

दार सरांच्या बायकोनं, नलिनीबाईंनी उघडलं. “या जी. हे केव्हाचे वाट पाहून राहिले.”

सर आतल्या खोलीत मान किंचित कलती ठेवून बसले होते. नलिनीबाईंनी पाहुण्यांच्या हातात कप दिले. “तुमचा उजवीकडं ठेवला,” असं नवऱ्याला सांगून त्या आत गेल्या.

“होकार आताच पाठवला कंपनीले,” सर म्हणाले. “चारदा खेळलो. काल तर कापसापाशी घामच फुटला मले.”

तृप्तीचे डोळे भरून आले. अंकुरच्या छातीवरून शोरूममधले सगळे ट्रॅक्टर एकदम उतरले. पण गप्प बसला तर तो अंकुर कसला!

“सर, पंधराच फूट काहून पण? मोजलं का कोणी?”

“मोजलं ना. बावीस वर्षं झाली, मोजूनच राहिलो.”

बावीस वर्षं गेम तपासणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा? अंकुरनं पंधरा फूट सोडून दिले. “अन् भूत? भुताबद्दल तर काहीच नाही लिहिलं तुम्ही.”

“चूकच नाही तर काय लिहू? लय भारी भूत आहे. म्हातारी, पाच फुटांच्या आतली. डावा पाय ओढते, जीव घाबरा होते तिचा. मले तर कीवच आली.”

तृप्तीनं जीभ चावली. भुताचा श्वास आणि पावलं तिनं शेजारच्या देवकाबाईंची घेतली होती.

“म्हातारी?” अंकुर ताडकन उठला. “सात फुटांचं आहे सर ते! बेंबीपर्यंत जीभ आहे त्याले! थांबा, दाखवतोच तुम्हाले.”

तो सरांच्या टेबलाकडे वळला. टेबलावर कीबोर्ड होता, हेडफोन होते, दोन बाजूंना दोन स्पीकर होते. मॉनिटर नव्हता.